निलगिरीची वाफेची गाडी: सहा जण, एक दिवस आणि रात्रीचं विमान. कसं जमवावं?

सहा_तिकिटं

नमस्कार मंडळी. 18 जानेवारीला कोइमतूरला लग्न आहे. आम्ही पुण्याहून 15 तारखेलाच पोहोचतोय, त्यामुळे 16 किंवा 19 यांपैकी एक अख्खा दिवस मोकळा मिळेल. मेट्टुपालयमहून उटीला जाणारी वाफेची गाडी करायचं घाटतंय.

आम्ही दोघं, मुलं (वय 4 आणि 9), सासूबाई (68, गुडघेदुखी) आणि सासरे (72, इंजिन दिसलं की जेवण विसरणारे). सध्याचा बेत असा: सकाळी त्या गाडीने उटी, तिथे जेवण, दुपारी त्याच गाडीने खाली मेट्टुपालयम आणि 19 तारीख ठरली तर तिथून थेट कोइमतूर विमानतळ. विमान रात्री 8:30 चं आहे.

प्रश्न: हे एका दिवसात बसतं का? पहिला वर्ग घ्यावा की दुसरा? दरी कुठल्या बाजूला दिसते? आणि सासूबाईंना झेपेल का?

---

मीटरगेज

कागदावर बसतं, पण प्रत्यक्षात विमान चुकेल. हिशेब करून बघा.

गाडी मेट्टुपालयमहून सकाळी 7:10 ला सुटते, कुन्नूरला साडेदहाच्या सुमारास आणि उटीला बाराच्या आसपास पोहोचते. परतीची उटीहून दुपारी 2 ला निघते आणि मेट्टुपालयमला साडेपाच-पावणेसहाला येते. तिथून कोइमतूर 35-40 किलोमीटर, विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगाला, आणि वेळ संध्याकाळच्या गर्दीची. सगळं काट्यावर चाललं तरी सव्वासातच्या आधी विमानतळ दिसत नाही. सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमच्या हातात उरतात पंधरा मिनिटं, तीही अशा गाडीच्या भरवशावर जी वाटेत पाणी प्यायला थांबते आणि कधी रुळावर दगड आला म्हणूनही थांबते.

शिवाय बाकावर बसण्याची बेरीज होते सव्वाआठ तासांच्या वर. चार वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना घेऊन.

आता खरी गोष्ट. वाफेचं इंजिन फक्त मेट्टुपालयम ते कुन्नूर लागतं. कुन्नूरला ते सुटतं आणि पुढे उटीपर्यंत डिझेल इंजिन गाडी नेतं. हे बऱ्याच जणांना फलाटावर उभं राहिल्यावर कळतं. दातेरी रूळ, जंगल, मोठे पूल, सगळा नाट्यमय भाग कुन्नूरच्या आधीच्या टप्प्यात आहे. म्हणून दिवस कुन्नूरलाच संपवा.

बेत असा करा. कोइमतूरहून दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. पहाटे 5:15 ला निघून 6:20 पर्यंत मेट्टुपालयम स्टेशन. तुम्ही आगगाडीत, आणि ड्रायव्हर तुमच्या बॅगा घेऊन घाटातून कुन्नूरला. साडेदहाला तो तुम्हाला स्टेशनाबाहेर भेटेल. दीड वाजेपर्यंत कुन्नूर, मग रस्त्याने खाली. चार-साडेचारला विमानतळावर पोहोचाल. आगगाडीला दीड तास उशीर झाला तरी घाम फुटणार नाही.

आणि चढतानाचाच प्रवास करा, उतरतानाचा नको. चढताना इंजिन जिवाच्या आकांताने ढकलत असतं, तो आवाज ऐकायलाच लोक येतात. उतरताना त्याचं काम गाडीला आवरून धरण्याचं.

---

केत्ती_पठार

मीटरगेज यांचं बरंचसं पटतं, पण कुन्नूरच्या पुढचा टप्पा इतकाही टाकाऊ नाही हो. वेलिंग्टन, अरवनकाडू, केत्ती, लवडेल ही छोटी स्टेशनं आणि केत्तीच्या दरीतली पायऱ्यापायऱ्यांची शेतं आगगाडीतूनच नीट दिसतात, रस्त्यावरून नाही. ड्रायव्हर कुन्नूरऐवजी उटीला बोलवा, एवढाच फरक. उटी ते कोइमतूर 85-90 किलोमीटर, घाट धरून तीन तास. दोनला निघालात तरी पाचला पोहोचाल.

---

मीटरगेज

मोठी माणसंच असती तर मीही तेच सांगितलं असतं. चार वर्षांचं मूल साडेतीन तासांनंतर डबा डोक्यावर घेतं, आणि पुढचा दीड तास डिझेलचा. ज्यांना केत्ती बघायचंय त्यांच्यासाठी उटी आणि कुन्नूरच्या मधे दिवसातून काही वेगळ्या गाड्या असतात. ते पुन्हा कधी, मुक्कामाच्या बेताने.

---

चार्ट_तयार

तिकिटाबद्दल. आधी तारीख: 16 जानेवारी विसरा. पोंगल 14-15 ला येतो आणि त्याला जोडून अख्ख्या तामिळनाडूला सुट्ट्या असतात. गाडी भरलेली, घाट भरलेला, कुन्नूरला गाडी लावायला जागा नाही. 19 धरा.

आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. 19 जानेवारीसाठी म्हणजे 20 नोव्हेंबर, सकाळी 8 वाजता. आदल्या रात्री खात्यात सहाही नावं प्रवासी यादीत भरून ठेवा, नाहीतर वयं टाइप करेपर्यंत जागा गेलेल्या असतात. डबे चार-पाचच असतात आणि सगळ्या देशाचा डोळा त्यांच्यावर.

शोधताना मेट्टुपालयमचा कोड एमटीपी, कुन्नूरचा ओएनआर, उटीचा यूएएम. साइटवर उटी हे नाव टाकून सापडलं नाही तर उदगमंडलम टाका. कुन्नूरपर्यंतच्या जागा दिसत नसतील तर उटीपर्यंतचं तिकीट काढा आणि कुन्नूरला उतरा. आधी उतरायला कुणी अडवत नाही, उरलेल्या टप्प्याचे पैसे तेवढे परत मिळत नाहीत. उलटं मात्र करू नका: पुढच्या स्टेशनाहून तिकीट आणि मागच्या स्टेशनावर चढणं चालत नाही.

प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत चढता येत नाही. सहापैकी चार पक्की आणि दोन लटकलेली अशी वेळ येऊ देऊ नका. सकाळी खिडकीवर थोडी जनरल तिकिटं मिळतात असं कुणी सांगेल. सहा जणांचा दिवस त्यावर टांगू नका.

चार वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग जागाही मिळत नाही. साडेतीन तास मांडीवर धरायचं असेल तर ठीक, नाहीतर त्याचंही पूर्ण तिकीट काढा. माझं मत विचाराल तर काढाच.

वर्गाबद्दल: पहिल्या वर्गात बाक मऊ आणि माणसं कमी. चढताना इंजिन मागे असतं, त्यामुळे पुढच्या टोकाच्या डब्याला समोर इंजिनच नसतं, मोकळा रूळ दिसतो. पहिला वर्ग बहुतेक त्या टोकाला असतो. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तो घ्या. दुसऱ्या वर्गात समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लागतात, पाय लांब करायला जागा नाही.

बाजूसाठी भांडू नका. या मार्गावर वळणं 208 आहेत. दरी कधी इकडे, कधी तिकडे.

---

दातेरी_चाक

सासऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी खाली सरकावं.

या मार्गावर चढ जिथे सर्वात तीव्र आहे तिथे तो साधारण बाराला एक आहे. म्हणजे गाडी बारा मीटर पुढे गेली की एक मीटर वर. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत पोलादी चाक एवढ्या चढावर घसरतं. म्हणून कल्लार (मेट्टुपालयमनंतरचं पहिलं स्टेशन) ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्यात. पट्टी एक नाही, शेजारी शेजारी दोन, आणि एकीचे दात दुसरीच्या दातांच्या फटींसमोर येतील असे सरकवलेले. इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा एक दात सुटत असताना दुसरा धरलेलाच असतो, त्यामुळे हिसका बसत नाही. ही अ‍ॅब्ट पद्धत. पट्ट्या रुळाच्या माथ्यापेक्षा 64 मिलिमीटर उंच आहेत, त्यामुळे फलाटावरून वाकून पाहिलं तरी स्पष्ट दिसतात.

बघण्यासारखी जागा म्हणजे कल्लारच्या पुढे, जिथे पट्टी सुरू होते. तिचं टोक स्प्रिंगवर बसवलेलं असतं. इंजिनाचा दात नेमक्या फटीत न येता दातावर आला तर टोक थोडं दबतं, चाक किंचित फिरून दात जागेवर पडतो, आणि मग पकड बसते. डब्यात बसल्या बसल्या हे असं कळतं: वेग एकदम पडतो, खालून धातूचा खरखरता आवाज सुरू होतो आणि इंजिनाचा श्वास दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

दुप्पट वाटतो कारण तो खरंच दुप्पट होतो. ही एक्स वर्गाची इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात घडली. त्यांना चार सिलिंडर असतात. सपाटीवर खालचे दोनच काम करतात, नेहमीची चाकं फिरवतात. दातेरी टप्पा आला की त्या दोघांतून बाहेर पडलेली वाफ हवेत न सोडता वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाकं फिरवतात. तीच वाफ दोनदा वापरली जाते. कुन्नूरला इंजिनाच्या बाजूला उभं राहून पाहिलंत तर दांड्यांचे दोन संच दिसतील, एक खाली, एक वर. चालत असताना त्यांचा ताल एकमेकांशी जुळत नाही. सासऱ्यांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

इंजिन नेहमी उताराच्या टोकाला. चढताना मागून ढकलतं, उतरताना पुढे राहून पेलतं. जोडणी तुटली तरी डबे इंजिनावरच टेकतात, दरीकडे मोकळे सुटत नाहीत. पण त्यामुळे ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. म्हणून पुढच्या डब्याच्या टोकाला उभा असलेला ब्रेकमन हिरवी-लाल झेंडी दाखवतो, ती मागे डब्याडब्यावरच्या ब्रेकमनकडून ड्रायव्हरपर्यंत जाते. प्रत्येक डब्याला स्वतंत्र ब्रेकमन. नऊ वर्षांच्या मुलाला हे झेंड्यांचं काम दाखवा, शिट्टीपेक्षा जास्त आवडेल.

वेग दातेरी टप्प्यात ताशी 13 किलोमीटर. सायकल पुढे जाईल.

काही इंजिनं तेलावर चालतात, काही कोळशावर. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात अलीकडच्या वर्षांत याच घडणीची नवी इंजिनंही बनली. तुमच्या दिवशी कुठलं येईल ते तुमच्या हातात नाही. कोळशाचं आलं तर मागच्या डब्यात कण उडतात. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं.

---

डबा_आणि_बाटली

वरच्यांनी महत्त्वाचं सोडून सगळं सांगितलं. गाडीत शौचालय नाही! आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाताही येत नाही, प्रत्येक कप्प्याला आपापलं दार.

मेट्टुपालयमला 6:50 पर्यंत सगळ्यांना जाऊन यायला लावा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालाही. पुढचा भरवशाचा थांबा हिलग्रोव्ह, जिथे इंजिन पाणी भरतं. याला मागे वेगळा टेंडर, म्हणजे पाणी-कोळशाचा डबा, नसतो, पाणी इंजिनाच्या अंगावरच्या टाकीत मावेल तेवढंच, आणि या चढावर ते झपाट्याने वाफ होऊन जातं. म्हणून थांबे. तुमच्यासाठी तीच दहाएक मिनिटं. उतरल्या उतरल्या एकाने मुलांना घेऊन शौचालयाकडे, दुसऱ्याने चहाकडे. उलट क्रम लावलात तर रांगेत शिट्टी होते.

सासूबाईंनी तिथे उतरूच नये. लहान स्टेशनांचे फलाट खाली असतात, पायरी उंच पडते. त्यांनी सकाळी चहा कमी घ्यावा आणि थेट कुन्नूरला उतरावं. बाकावर टाकायला एक चौघडी घडीची चादर किंवा उशी न्या.

हिलग्रोव्हला माकडं आहेत, आणि ती पिशवीचा आवाज ओळखतात. खाणं झिपच्या पिशवीत किंवा पुड्यात नको, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. गाडी चालू असतानाच खाऊन घ्या, थांब्यावर डबा उघडू नका. मेथीचे ठेपले, दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू असं कोरडं बरं. रस्सा, दही, केळी नकोत. केळं हातात घेऊन खिडकीशी बसलेलं मूल म्हणजे आमंत्रणच.

निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे, पाण्याच्या लहान बाटल्यांनाही. तपासणी होते, दंड होतो. सहा जणांना स्टीलच्या चार बाटल्या पुरतात.

कपडे: मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वातीनशे मीटरवर, कुन्नूर सतराशेच्या वर. खाली घाम, वर जानेवारीचा गारठा. स्वेटर ड्रायव्हरकडच्या बॅगेत गेले तर पंचाईत, ते हातातल्या पिशवीत ठेवा. पांढरं काही घालू नका.

---

नेरळवाला

एवढं लांब जाण्यापेक्षा माथेरान बरं नाही का? पुण्याहून जवळ.

---

मीटरगेज

लग्न कोइमतूरला आहे. आणि माथेरानची गाडी 1907 ची, सुंदर, पण नेहमीच्या फेऱ्यांना आता डिझेल इंजिन. वाफ हवी असेल तर तिथे मिळणार नाही.

---

सहा_तिकिटं

सर्वांचे आभार. 19 तारीख, कुन्नूरपर्यंत, पहिला वर्ग, सहा पूर्ण तिकिटं, ड्रायव्हरसह गाडी. इथपर्यंत ठरलं. तीन शंका उरल्या. दरड कोसळून गाडी रद्द झाली तर? खाजगी गाडीला परवाना लागतो असं ऐकलं, ते काय? आणि कुन्नूरला तीन तास काय करायचं, सासूबाईंना चालवत नाही?

---

चार्ट_तयार

दरडींचा खरा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी पावसाचा. तेव्हा कल्लार ते कुन्नूर टप्पा कधी कधी सलग कित्येक दिवस बंद असतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत पाऊस ओसरलेला असतो, पण डिसेंबरात मोठं नुकसान झालं असेल तर दुरुस्ती लांबते. 12 तारखेपासून रोज दक्षिण रेल्वेच्या सूचना पाहा. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, काही भरावं लागत नाही. तुम्ही स्वतः रद्द करू नका, मग कपात होते.

त्या दिवसाचा पर्याय: त्याच मोटारीने कुन्नूरला जा आणि तिथून डिझेलच्या गाडीने उटीच्या दिशेने वेलिंग्टन किंवा केत्तीपर्यंत एक फेरी. खालचा टप्पा बंद असला तरी वरचा बहुतेक चालू राहतो. मुलांची आगगाडी तरी होईल.

उशीर वेगळा. जंगलातून मार्ग आहे, कल्लारच्या बाजूला हत्तींची ये-जा असते. हत्ती रुळावर असला तर गाडी थांबते, आणि तो निघेपर्यंत थांबते.

---

घाटातली_गाडी

परवान्याला ई-पास म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून उटी-निलगिरीत जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना तो लागतो. आगगाडीने जाणाऱ्या माणसांना नाही, पण तुमचा ड्रायव्हर रस्त्याने जाणार, म्हणजे त्याच्या वाहनाला हवाच. ऑनलाइन काढायचा: वाहनाचा क्रमांक, माणसं, तारीख. गर्दीच्या काळात रोजच्या संख्येला मर्यादाही घातली होती, म्हणून आदल्या रात्रीवर ठेवू नका. मोटार ठरवताना एकच वाक्य बोला: "ई-पास तुम्ही काढून मला त्याची प्रत पाठवा." ड्रायव्हर नाक्यावर अडकला तर तुम्ही बॅगांशिवाय कुन्नूरला बसाल.

आणखी एक. ड्रायव्हर तुमच्या आधी दोन तास वर पोहोचेल, पण घाटात फोन अधूनमधून जातो. भेटायची जागा सकाळीच ठरवा: कुन्नूर स्टेशनाचं मुख्य दार. "पोहोचलो की फोन करतो" यावर सोडू नका.

उतरताना घाटाला 14 तीव्र वळणं आहेत. ज्या मुलाला मोटार लागते त्याचं पोट दीड वाजता भरलेलं नको. जेवण बाराला उरका आणि हलकं ठेवा, त्याला खिडकीची जागा द्या, मोबाईल काढून घ्या.

---

दातेरी_चाक

कुन्नूरला उतरलात की लगेच बाहेर पळू नका. पहिली पंधरा मिनिटं फलाटावरच: वाफेचं इंजिन सुटतं, शेडकडे जातं, डिझेल लागतं. मग गाडी आधी थोडी मागे सरकते आणि वेगळ्या रुळाने उटीकडे निघते, कारण कुन्नूर स्टेशनातून सरळ पुढे वाट नाही. सासूबाईंना हे बाकावर बसून दिसतं. इंजिन शेड स्टेशनाला लागूनच आहे, आत जायचं तर परवानगी लागते. बाहेरूनही पुरेसं दिसतं.

---

केत्ती_पठार

मग सिम्स पार्क, स्टेशनापासून दोनेक किलोमीटर, मोटारीने. 1874 सालची बाग. मात्र ती उतारावर आहे, खालपर्यंत गेलात की तेवढंच वर यायचं. सासूबाईंनी वरच्या दाराजवळच्या झाडांखाली बसावं, मुलांना खाली पिटाळावं.

परत निघताना बेकरीतून वर्की घ्या. निलगिरीचं हे पापुद्र्यांचं खारं बिस्कीट चहात बुडवून खायचं असतं. ते फार ठिसूळ, विमानाच्या सामानात दिलंत तर पुण्याला चुरा पोहोचेल. हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर.

---

सहा_तिकिटं

20 नोव्हेंबर सकाळी 7:45 चा गजर लावला. सासऱ्यांना दोन संचांच्या दांड्यांबद्दल काही सांगितलेलं नाही. चार वर्षांच्याच्या कानाला शिट्टी सोसेल का?

---

दातेरी_चाक

पहिल्या वर्गाचा डबा इंजिनापासून लांब, तिथे काही नाही. सुटण्याआधी इंजिन बघायला मागे जाल तेव्हा मात्र त्याला बाजूने न्या, सिलिंडरांच्या अगदी समोर उभं करू नका. निघताना ड्रायव्हर सिलिंडरात साचलेलं पाणी सोडतो, ती वाफ आडवी येते आणि मोठी माणसंही दचकतात. चार-पाच मीटर मागे सरकून उभे राहा.